जीवशास्त्र कोणी गाळले?

दर जूनमध्ये या महाराष्ट्रात होऊ घातलेले पशुवैद्य मारले जातात. त्यासाठी हत्यार लागत नाही; अकरावीच्या प्रवेशअर्जावरची एक चौकट पुरते. मुलगा म्हणतो, मला जनावरांत काम करायचंय. वडील म्हणतात, बरं, मग सायन्स घे. नेटकॅफेत अर्ज भरून देणारा म्हणतो, बायो कशाला काका? नुसत्या आकृत्या आणि पाठांतर. त्यापेक्षा दोनशे मार्कांचं कॉम्प्युटर सायन्स टाका, स्कोअरिंग आहे. वडील मान हलवतात, मुलगा मान खाली घालतो, पैसे दिले जातात, पावती निघते. या मुलाला पशुवैद्यकाच्या पदवीचे दार आजपासून बंद झाले, असे त्या पावतीवर कुठेही छापलेले नसते.

नियम काही गुप्त नाही. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या साडेपाच वर्षांच्या पदवीला जायचे तर बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चारही विषय लागतात, खुल्या वर्गाला त्यांत मिळून ५० टक्के गुण लागतात आणि वर 'नीट' द्यावी लागते. दुसरीकडे राज्य मंडळाच्या बारावीत दोनशे गुणांचा बायफोकल विषय घेतला की दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय गळतो. इंजिनिअरिंगचा दोर हातात असावा म्हणून गणित ठेवले जाते आणि बळी जातो तो जीवशास्त्राचा. त्याहून मोठी थट्टा पुढे आहे. याच बायफोकलच्या यादीत 'ॲनिमल सायन्स अँड डेअरिंग' असाही एक विषय आहे. एखाद्या पोराने हौसेने तो घेतला, सोबत गणित ठेवले आणि जीवशास्त्र सोडले, तर दोन वर्षे जनावरांचे शास्त्र शिकलेला हा मुलगा जनावरांचा डॉक्टर व्हायला अपात्र! हे त्याला नववीत कोणी सांगितले? दहावीत कोणी सांगितले? शाळेच्या भिंतीवर 'करिअर मार्गदर्शन कक्ष' अशी पाटी आहे. कक्षाला कुलूप आहे आणि किल्ली निवडणुकीच्या ड्युटीवर गेलेल्या शिक्षकाच्या खिशात आहे.

हे अज्ञान आकाशातून पडलेले नाही. आमच्या शाळांत आळशी पोराला द्यायची ठरलेली धमकी कोणती? 'अभ्यास कर, नाहीतर गुरं राखशील.' ही धमकी ज्या वर्गात दिली जाते त्याच वर्गात मागच्या बाकावर एक पोर बसलेले असते. पहाटे उठून, शेण काढून, दोन म्हशींची धार काढून आणि दूध डेअरीला घालून ते शाळेत आलेले असते. त्याच्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्याच दुधाचे. त्याने गुरुजींचे ऐकून काय समजायचे? की आपल्या आईबापाचे काम ही नापासांना द्यायची शिक्षा आहे!

या तुच्छतेचे मूळ जातीत आहे, आणि ते बोलून दाखवायला आम्ही कचरणार नाही. मेलेले ढोर ओढायचे काम ज्यांच्या माथी मारले, कातडे कमावायचे काम ज्यांच्यावर लादले, मेंढरांमागे ज्यांना रानोमाळ फिरत ठेवले, त्यांना या समाजाने पंगतीबाहेर बसवले. मग जनावराला हात लावणारे प्रत्येक कामच हलके ठरवून टाकले. दूध तेवढे देवघरापर्यंत पवित्र राहिले. वसुबारसेला गाय ओवाळायची, पोळ्याला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावायचा, आणि रात्री दोन वाजता खांद्यापर्यंत हात घालून अडलेली गाय मोकळी करणाऱ्या माणसाला 'ढोरांचा डॉक्टर' म्हणून हसायचे, ही आमची संस्कृती! मुलीने पशुवैद्य व्हायचे म्हटले तर विचारूच नका. 'तुला ते झेपेल का?' हा प्रश्न तिला असे लोक विचारतात, ज्यांनी गर्भाशयाला पीळ पडलेली म्हैस जन्मात पाहिलेली नसते. निमुळता, लहान हात अशा वेळी किती कामाचा ठरतो, हे त्या प्रसंगात उभ्या राहिलेल्या कोणत्याही डॉक्टरला विचारा.

आता या राज्याच्या गरजेकडे बघा. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ५३ कोटींहून अधिक पशुधन मोजले गेले. त्यातले सुमारे ३ कोटी ३० लाख एकट्या महाराष्ट्रातले, कोंबड्या वेगळ्या. पाच हजार गुरांमागे निदान एक पशुवैद्य हवा, असे राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली सांगून ठेवले आहे. जवळजवळ अर्धे शतक लोटले. या हिशेबाने आपल्या तालुक्यात किती पशुवैद्य लागतात आणि प्रत्यक्ष किती आहेत, हा प्रश्न एकदा पंचायत समितीत जाऊन विचाराच. खेड्यापाड्यांतले श्रेणी दोनचे दवाखाने वर्षानुवर्षे पदविकाधारक पर्यवेक्षकांच्या खांद्यावर चालत आले. १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा सांगतो की, पदविकावाल्याने किरकोळ उपचार करायचे, तेही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. देखरेख करणारे साहेब कुठे असतात? दुसऱ्या गावी, तिसऱ्या बैठकीत. आणि गाईला काही कायद्याचे कलम पाहून अडता येत नाही. दवाखान्यांची श्रेणी वाढवण्याच्या घोषणा करायला मंत्र्यांचे काय जाते? पाटी रंगवायला रंगारी एका दिवसात मिळतो. तिथल्या खुर्चीत बसायला पदवीधर घडवावा लागतो, आणि त्याला अकरावीपासून मोजले तर साडेसात वर्षे लागतात!

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात लम्पीने डोके वर काढले आणि बघता बघता राज्यभर गाई-बैलांच्या अंगावर गाठी उठल्या. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची होती, गोठेच्या गोठे फवारायचे होते, बाजार बंद ठेवायचे होते. तेव्हा मात्र गावोगाव एकच हाका: डॉक्टर आहे का, डॉक्टर? एरवी 'ढोरांचा डॉक्टर' म्हणणारे एका आठवड्यात 'डॉक्टरसाहेब' म्हणू लागले. हजारो जनावरे गेली, कर्ज काढून घेतलेल्या गाई गेल्या. साथ ओसरली आणि आमची स्मरणशक्तीही ओसरली.

विषय निवडायचे म्हणजे काय, हे कोणी नीट सांगतच नाही म्हणून आम्ही सांगतो. प्राण्यांवर प्रेम असणे ही चांगली गोष्ट आहे, पण कुत्र्याच्या पिल्लासोबत रील काढणारे प्रेम आणि त्याच पिल्लाच्या उलट्या कशाने होताहेत ते ओळखणारे ज्ञान, यांत दोन वर्षांच्या अकरावी-बारावीची भिंत आहे. ती भिंत ज्या विटांची आहे त्यांतली एकही वीट फुकट नाही.

गणिताचेच घ्या. 'डॉक्टर व्हायला गणित कशाला' हे वाक्य घराघरांत ऐकू येते. गोठ्यात वजनकाटा नसतो. औषध मात्र वजनावर द्यावे लागते. मग डॉक्टर टेप काढतो, गाईच्या पुढच्या पायांमागून छातीचा घेर घेतो, खांद्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी घेतो. घेर ६८ इंच, लांबी ५६ इंच. घेराचा वर्ग करायचा, त्याला लांबीने गुणायचे, ६६० ने भागायचे: गाय साधारण ३९२ किलोची निघाली. औषध किलोमागे १० मिलिग्रॅम द्यायचे असेल आणि बाटलीतल्या दर मिलिलिटरात १०० मिलिग्रॅम असेल, तर सिरिंजमध्ये ३९ मिलिलिटर भरायचे. दहावीचे गणित आहे हे! ते ज्याला येत नाही तो अंदाजे टोचतो. कमी टोचले तर रोग मुरतो, जास्त टोचले तर गाय मरते, आणि दोन्ही वेळा शेतकरी आपल्या नशिबाला दोष देतो.

रसायनशास्त्राला नाक मुरडणाऱ्यांनी गिधाडांकडे पाहावे. म्हणजे दिसली तर पाहावे. डायक्लोफेनॅक नावाचे एक वेदनाशामक गुरांना टोचले जात होते. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी त्याचे मांस खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी व्हायची. काही जातींची गिधाडे नव्वद टक्क्यांहून जास्त घटली, आणि २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. एक साधा रेणू गोठ्यातून निघून आकाश रिकामे करतो, हे ज्याने शोधले त्याचे रसायनशास्त्र पक्के होते. ज्यांनी ते औषध बेधडक टोचले त्यांना बाटलीवरच्या किमतीपलीकडे काही वाचायचे कारण पडले नव्हते.

आणि जीवशास्त्र? फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीमधले जुळी देणारे जनुक संकरातून आपल्या दख्खनी मेंढीत आणले आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. एका कोकराच्या जागी दोन कोकरे, म्हणजे धनगराच्या घरात वर्षाला किती फरक पडतो, त्याचा हिशेब शहरातल्या समुपदेशकाने करून पाहावा. मेंडेलचा वाटाणा पाठ करणाऱ्या पोराला ही मेंढी कोणत्या धड्यात भेटते? बारावीच्या पुस्तकात पशुसंवर्धन आहे, नाही असे नाही. अन्नोत्पादन वाढवण्याच्या प्रकरणात काही पाने आहेत. पण परीक्षेला त्यावर दोन-चार गुणांचेच येते म्हणून गुरुजी ती पाने 'घरी वाचा' म्हणून सोडून देतात. फलटणला सहल नेली तर बस मिळते, परवानगी मिळत नाही. वॉटरपार्कला मिळते.

भाषेचे तर बोलायलाच नको. गाय स्वतः तक्रार सांगत नाही. तिची मालकीण सांगते: 'काल सांजच्याला व्याली, पण जार पडला नाही', 'पान्हा चोरती', 'रवंथ बंद हाय'. अर्धे निदान त्या बोलण्यात असते. बायफोकलच्या नादात मराठी गाळून आलेला, शहरात वाढलेला नवा डॉक्टर त्या बाईसमोर उभा राहतो आणि तिला विचारतो, 'सिम्प्टम्स काय आहेत?' तिने काय उत्तर द्यावे?

बरे, जनावरांत काम म्हणजे फक्त डॉक्टरकी, हाही एक अडाणी समज. दुग्धतंत्रज्ञानाची पदवी घ्यायची तर तिथे गणित लागते. पुसदजवळच्या वरूडला आणि उदगीरला ती महाविद्यालये आहेत. ज्या माणसाने या देशाला दूध पाजले ते वर्गीस कुरियन पशुवैद्य नव्हते, अभियंता होते. भारतीय वनसेवेची परीक्षा पशुवैद्यकाच्या पदवीवर देता येते, तशी प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र या विषयांच्या पदवीवरही देता येते. राज्यातल्या वनरक्षक भरतीला बारावीत विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एखादा विषय असला तरी चालत आले आहे. म्हणजे कला शाखेतल्या भूगोलाच्या पोरालाही ताडोबाच्या जंगलात वर्दीत उभे राहायची वाट आहे, फक्त ती त्याला कोणी दाखवलेली नाही. कॅमेऱ्यात टिपलेल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांची संख्या काढायची शास्त्रशुद्ध रीत भारतात ज्यांनी रुजवली ते उल्हास कारंत मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर; त्यांच्या कामाचा कणा संख्याशास्त्र आहे. तेव्हा ज्याला प्राण्यांत रमायचे आहे त्याने जीवशास्त्र तर ठेवावेच, पण झेपत असेल तर गणितही सोडू नये. दोन्ही घेऊन बारावी करता येते. राज्य मंडळाची त्याला बंदी नाही. बंदी आहे ती 'लोड होईल' म्हणणाऱ्या कॉलेजांच्या आळसाची.

शहरांतल्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांबद्दल आम्ही फार लिहीत नाही. तो धंदा वाढतो आहे आणि त्याला आमच्या वकिलीची गरज नाही.

वकिलीची गरज आहे ती लातूरकडे पाठवल्या जाणाऱ्या पोरांना. नीटच्या शिकवण्यांसाठी राज्यभरातून मुले लातुरात येऊन खोल्या घेऊन राहतात. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर उदगीर. तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मत्स्यविज्ञानाचे आहे, आणि त्याच मुलुखातली देवणी गाय सगळ्या देशात नावाजलेली आहे. पांढरीशुभ्र ती बालंक्या, तोंडाच्या बाजू काळ्या असलेली ती वानेरा, अंगावर काळे ठिपके-पट्टे विखुरलेली ती शेवेरा. तिथला गुराखी लांबून बघून सांगतो. खोलीत कोंडून घेतलेल्या विद्यार्थ्याला झुरळाचे पचनतंत्र चार पर्यायांतून अचूक निवडता येते, पण खिडकीखालून जाणारी देवणी त्याला ओळखता येत नाही. नीटचे ७२० गुण. त्यातले ३६० जीवशास्त्राचे. त्यातला एकही गुण जनावराजवळ जाऊन उभे राहता येते का, याला नाही.

आणि २०२४ साली २४ लाखांहून अधिक उमेदवारांनी नोंदणी केलेल्या या परीक्षेत गोठ्यातल्या पोराची गाठ कोणाशी पडते? लाखो रुपये भरून दोन वर्षे दुसरे काहीही न करणाऱ्यांशी. त्या पोराने दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकलेले असते. अकरावीत अचानक सगळे इंग्रजीत. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, याचा डंका सरकार पिटते; दोन वर्षे इंग्रजी पुस्तकातून शिकवून शेवटच्या तीन तासांत मराठी हातात देणे ही मदत आहे की चेष्टा? गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे सूक्ष्मदर्शक कपाटात, कपाटाची काच फुटलेली, आणि प्रात्यक्षिकाचे गुण तरीही तीसपैकी अठ्ठावीस! मग जे एमबीबीएसला हुकतात, बीडीएस नको म्हणतात, त्यांतले काही नाइलाजाने पशुवैद्यकाकडे वळतात. त्यांतलेही पुष्कळ पुढे उत्तम डॉक्टर होतात, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्याला पहिल्या दिवसापासून हेच करायचे होते तो मात्र बारावीनंतर गावातल्या मेडिकलवर गोळ्या मोजत बसलेला असतो.

१८८६ साली परळला बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज सुरू झाले. १८८९ साली पुण्यात सुरू झालेल्या एका जंतुशास्त्र प्रयोगशाळेतून पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था वाढली. ज्या बुळकांडीने या देशातले गोठे ओस पाडले, तिचे २०११ मध्ये जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. या विद्येची सुरुवात ज्या भूमीत इतकी लवकर झाली, तिथला दहावीचा विद्यार्थी आज विचारतो, 'व्हेटर्नरीला कोणता ग्रुप लागतो?' आणि त्याला उत्तर देणारे कोणी नसते. नागपूरला २००० सालापासून पशु व मत्स्य विज्ञानाचे स्वतंत्र विद्यापीठ आहे. त्याची माहितीपत्रके बारावीच्या निकालानंतर निघतात, म्हणजे चोर पळाल्यावर दिवा लावला जातो. विद्यापीठाने माणसे पाठवायची तर आठवी-नववीच्या वर्गात पाठवावीत, आणि ती माणसे कुलगुरू नकोत; रानात काम करणारे, अंगाला जंतुनाशकाचा वास येणारे तरुण डॉक्टर हवेत.

सरकारकडे आमची मागणी भिकेची नाही. अकरावीच्या प्रवेशाचे संकेतस्थळ राज्यभर एक केलेत ना? मग त्याच संकेतस्थळावर, मुलाने जीवशास्त्र गाळले की लगेच लाल अक्षरांत सांगा की त्याच्यासाठी कोणकोणत्या पदव्या बंद झाल्या. गणित गाळले तरी तेच सांगा. प्रत्येक दूधउत्पादक तालुक्यात निदान एका कनिष्ठ महाविद्यालयात पशुविज्ञानाचा विषय जीवशास्त्र शाबूत ठेवून शिकवा आणि त्याचे प्रात्यक्षिक गोठ्यात घ्या. अकरावी-बारावीच्या विज्ञानाची पुस्तके मराठीत द्या. पदविका करून दहा-दहा वर्षे गुरांत राबलेल्या पर्यवेक्षकाला पदवीकडे जाणारी सरळ आणि रुंद वाट द्या. त्याचा अनुभव नीटच्या गुणांपुढे कवडीमोल ठरवू नका. आणि पदवीच्या प्रवेशात जनावर हाताळण्याच्या परीक्षेला काही वजन द्यायचे की नाही, याचा निर्णय दिल्लीतल्या भारतीय पशुवैद्यक परिषदेकडून करवून घ्या. तिच्या दारात महाराष्ट्राने या प्रश्नावर हट्टाने बसले पाहिजे.

पालकांना एवढेच सांगणे आहे की अर्जावरचा विषय हा तुमच्या पोराच्या चाळीस वर्षांचा प्रश्न आहे. तो सुटसुटीत गुणांसाठी विकू नका, आणि पोरीने जनावरांचा डॉक्टर व्हायचे म्हटले तर शेजाऱ्यांकडे सल्ला मागायला जाऊ नका.

शिक्षण खाते म्हणते हा पशुसंवर्धनाचा प्रश्न. पशुसंवर्धन खाते म्हणते हा शिक्षणाचा प्रश्न. ही टोलवाटोलवी आम्हांला पाठ झाली आहे. दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांनी येत्या जूनच्या आत एका टेबलाशी बसावे आणि विषयांचा हा घोळ निस्तरावा. ते बसत नसतील तर मुख्यमंत्र्यांनी त्यांना बसवावे.